पाण्याखालची छायाचित्रे : स्वस्ताईचा इतिहास

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात वेमथ नावाचे एक बंदराचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या गावी विल्यम थॉम्पसन नावाचा एक वकील राहत असे. वकिली हा त्याचा चरितार्थाचा व्यवसाय. मन मात्र समुद्रातील वनस्पती आणि जीवजंतू यांत रमलेले. एकदा वादळी हवेत एका खाणावळीच्या खिडकीतून फुगलेल्या पाण्याकडे पाहत बसला असता त्याच्या मनात प्रश्न आला की, या पुराने पुलाच्या खांबांची पाण्याखाली काय दशा केली असेल, हे काठावर बसल्या बसल्या कसे कळावे? पाणबुड्या उतरवणे हा एक मार्ग होता. पण त्याला पैसा लागे, आणि खवळलेल्या पाण्यात माणूस सोडणे जोखमीचेही असे. त्यापेक्षा एका काठीला पेटी बांधून छायाचित्राचा कॅमेराच खाली सोडला तर काय होईल?

पाण्याखालील छायाचित्रणाची कल्पना अशी काटकसरीतून जन्मास आली. समुद्रतळाचे सौंदर्य, प्रवाळांचे रंग, माशांचे थवे हे सारे पुढे आले. प्रारंभी होता तो एक साधा, जवळजवळ सरकारी कचेरीत शोभेल असा प्रश्न : पुलाची पाहणी कमी खर्चात कशी करावी? पुलाच्या पायांखाली काय चालले आहे हे न कळल्याने काय घडते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्री नदीवरील दगडी पूल एका पावसाळी रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर वाहनांतील माणसेही गेली. थॉम्पसनचा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही जुना झालेला नव्हता.

१८५६ च्या फेब्रुवारीत थॉम्पसनने आपली कल्पना प्रत्यक्षात आणली. त्याने सुताराकडून एक लाकडी पेटी करून घेतली. तिच्या पुढच्या अंगाला जाड काच बसवली आणि काचेपुढे एक झडप ठेवली. झडपेची दोरी होडीपर्यंत आणलेली होती. त्या काळी छायाचित्र फिल्मवर नव्हे, तर काचेवर घेत. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य पसरायचे, ती रौप्यक्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. काच वाळली की सारी खटपट फुकट. अशी ओली काच पेटीत घालून थॉम्पसन एका मित्राबरोबर होडीतून वेमथच्या उपसागरात गेला आणि सुमारे १८ फूट खोल पाण्यात त्याने ती पेटी सोडली. दोरी ओढली, झडप उघडली आणि सुमारे दहा मिनिटे तशीच ठेवली. पेटी वर काढली तेव्हा तिच्यात पाणी शिरलेले होते. तरीही काच धुऊन प्रक्रिया केली असता तिच्यावर खडक आणि समुद्रशैवाल यांची एक अंधूक आकृती उमटलेली दिसली.

थॉम्पसनने या प्रयोगाची हकीकत लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सकडे पाठवली. पूल, धक्के, बंदरातील खांब यांची पाण्याखालील स्थिती अल्प खर्चात पाहण्याचा हा उपाय होय, असे त्याचे म्हणणे होते. त्या म्हणण्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. थॉम्पसननेही पुढे नेटाने काही केले नाही. तो आपल्या वकिलीकडे आणि शैवालांकडे वळला. हौशी माणसाचा शोध असाच असतो. त्याला ना अनुदान, ना वारसदार.

त्या पेटीत पाणी का शिरले, हे समजून घेतले म्हणजे पुढील सर्व इतिहासाची किल्ली हाती येते. पाण्यात दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो; म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅमचा भार. १८ फुटांवर हा भार त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक भरतो. ऐकावयास हा आकडा लहान वाटतो. पण एका चौरस फुटाच्या काचेवर हिशेब केला तर तो सुमारे ५०० किलोग्रॅम होतो. सुताराच्या सांध्याने एवढा दाब सोसावा कसा? पाण्याखाली छायाचित्र घेण्यात भिंगाचा खर्च मोठा नाही, काचेचाही नाही. खरा खर्च आहे तो पाणी बाहेर ठेवण्याचा. हा खर्च कोणी, कसा आणि कितपत कमी केला, यातच या कलेचा इतिहास सामावलेला आहे.

थॉम्पसननंतर सुमारे सदतीस वर्षांनी, १८९३ मध्ये, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स येथील आरागो प्रयोगशाळेत लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने हाच उद्योग हाती घेतला. बूताँ स्वतः पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रात उतरत असे. समुद्रतळावर जे पाहिले ते वर आल्यावर शब्दांत सांगता येत नाही, ही त्याची खंत होती. म्हणून तो कॅमेऱ्याकडे वळला. त्याचा भाऊ ऑग्यूस्त याने त्याला धातूचा जलाभेद्य कॅमेरा तयार करून दिला. या कॅमेऱ्यातील एक युक्ती मोठी सुंदर होती. पेटीला हवेने भरलेली एक रबरी पिशवी जोडलेली होती. कॅमेरा खाली जाई तसतसे बाहेरचे पाणी ही पिशवी दाबी आणि तिच्यातील हवा पेटीत शिरे. त्यामुळे आतला दाब बाहेरच्या दाबाइतका होई. शत्रूशी झुंज न घेता त्याचेच बळ वापरावे, असा हा मार्ग.

पाण्याचा प्रश्न असा बराचसा सुटला, प्रकाशाचा उरला. पाणी नुसते आत शिरत नाही, ते उजेडही खाते. त्यातही सर्व रंग सारख्या भुकेने खात नाही. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, मागोमाग नारिंगी आणि पिवळा जातो. उरतो तो हिरवा-निळा. दहा मीटरांवर बोट कापले तर रक्त हिरवट काळे दिसते, असे पाणबुडे सांगतात ते याच कारणाने. बूताँला रंगांची चिंता नव्हती, कारण त्याची छायाचित्रे कृष्णधवलच होती. पण उजेड इतका अपुरा की एकेका चित्रास अर्धा अर्धा तास लागे आणि तोवर त्याला जड पोशाखात तळावर थांबावे लागे. यावर उपाय म्हणून प्राणवायूने भरलेले एक मोठे पिंप, त्यावर काचेच्या घंटेखाली पेटता स्पिरिटचा दिवा, आणि त्या ज्योतीवर रबरी फुगा दाबून उडवावयाची मॅग्नेशियमची पूड, अशी योजना करण्यात आली. ज्योत भडकली की क्षणभर समुद्रतळ उजळे. १८९९ मध्ये बूताँने रुमानियाचा जीवशास्त्रज्ञ एमिल राकोव्हित्सा याचे पाण्याखाली छायाचित्र घेतले. १९०० मध्ये त्याने या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला. पण त्याची सर्व सिद्धी एका प्रयोगशाळेच्या पाठबळावर उभी होती. होडी, पंप, मदतनीस, पिंप आणि पोशाख एवढा सरंजाम सुटीवर निघालेल्या माणसाच्या आवाक्यातला नव्हता.

पुढची तीस-चाळीस वर्षे हा खर्च कमी न होता वाढतच गेला. बहामा बेटांजवळ जॉन अर्नेस्ट विल्यम्सन याने १९१४ मध्ये एका नौकेखाली लांब नळी सोडून तिच्या तळाशी काचेची खिडकी असलेली लोखंडी खोली बसवली आणि तिच्यात कोरड्या कपड्यांनिशी बसून चलच्चित्रे घेतली. १९२६ मध्ये फ्लॉरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्र मिळवले. त्यासाठी त्यांनी एका तराफ्यावर मॅग्नेशियमचा साठा ठेवून तो पेटवला. १९२७ च्या जानेवारीत ते चित्र नॅशनल जिऑग्राफिक मासिकात आले. एका माशाच्या रंगीत चित्रासाठी समुद्रावर स्फोट घडवावा लागे, यापरते महागडेपण ते कोणते?

हा खर्च ज्या वस्तूने खरोखर खाली आणला, तिचा समुद्राशी किंवा छायाचित्राशी प्रथमतः काहीच संबंध नव्हता. ती वस्तू म्हणजे रबराचे एक कडे. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स क्रिस्टेन्सेन यांनी वयाची सत्तरी ओलांडल्यावर, १९३७ मध्ये, या कड्याच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९३९ मध्ये ते त्यांना मिळाले. इंग्रजी ओ या अक्षरासारखा त्याचा आकार, म्हणून त्याला ओ-रिंग हे नाव पडले. धातूत एक खाच कोरायची, तिच्यात हे कडे बसवायचे आणि वरून दुसरा भाग दाबायचा, एवढेच. पण त्यात एक गुण असा की, बाहेरचा दाब जितका वाढेल तितके ते खाचेच्या कडेला जाऊन अधिक घट्ट बसते. पाणी आत शिरू पाहते आणि त्या धडपडीनेच दार अधिक बंद होते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या यंत्रांसाठी या कड्यांचा प्रचंड प्रमाणावर उपयोग झाला आणि युद्ध संपेपर्यंत ती कोणत्याही कारखान्यात मिळणारी अगदी मामुली वस्तू होऊन बसली.

मामुली, पण उपेक्षणीय मात्र नव्हे. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले, ते थंडीने ताठरलेल्या अशाच एका कड्याने आपले काम न केल्यामुळे. कॅमेऱ्याच्या कड्यावर कोणाचे प्राण अवलंबून नसतात. परंतु त्यावर एखादा केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत येते, हे येथेच सांगून ठेवणे बरे.

महायुद्धाच्याच काळात, १९४३ मध्ये, झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्याँ या दोघा फ्रेंचांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन पोहता येईल असे श्वसनयंत्र तयार केले. पाणबुड्या होडीच्या नळीपासून मोकळा झाला. मोकळ्या माणसाला मोकळा कॅमेरा हवा. ऑस्ट्रियाच्या हान्स हास या प्राणिशास्त्रज्ञाने पाण्याखालच्या कॅमेऱ्यासाठी पुष्कळ खटाटोप केला आणि त्याच्या साह्याने १९५४ मध्ये जर्मनीतील रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी रोलायमरीन नावाची धातूची पेटी बाजारात आली. ती उत्तम होती. तशीच जड आणि महागही होती. १९५६ मध्ये, म्हणजे थॉम्पसनच्या लाकडी पेटीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, कूस्तोच्या समुद्रपटाला कान येथील चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. समुद्रतळ पाहण्याची हौस आता सामान्य माणसालाही लागली. पण हौस लागणे आणि परवडणे यांत नेहमीच काही वर्षांचे अंतर असते.

पुढचे पाऊल टाकले ते बेल्जियमच्या झाँ द वूतेर या अभियंत्याने. कॅमेरा घेऊन तो पेटीत घालण्याऐवजी कॅमेऱ्याचे कवचच पेटी का असू नये, असा त्याने विचार केला. रबरी कड्यांनी चारी बाजूंनी बंद केलेला, हातात मावणारा हा कॅमेरा कूस्तोच्या नौकेवरून कॅलिप्सो या नावाने १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये विकला जाऊ लागला. जपानच्या निकॉन कंपनीने त्याच्या निर्मितीचे हक्क घेतले आणि १९६३ मध्ये तो निकॉनोस या नावाने जगभर गेला. पन्नास मीटर खोलीपर्यंत तो नेता येई, आणि पाण्यातून वर आल्यावर नळाखाली धुऊन काढता येई. २००१ पर्यंत या घराण्याचे कॅमेरे निघत राहिले. तथापि निकॉनोस हा व्यासंगी पाणबुड्याचा कॅमेरा होता. त्यात अंतर नजरेने अजमावून भिंग फिरवावे लागे. आणि पाण्यात तर नजर फसते. काचेतून पाहताना पाण्यातील वस्तू एक चतुर्थांशाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी भासते. आठ दिवसांच्या सुटीत हे शिकून होत नाही.

खरी स्वस्ताई आली ती प्लास्टिकने. १९६२ पासून अमेरिकेतील इंडियानापोलिस या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या शहरात आयक ब्रिगम यांनी पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेट्या बनवण्यास प्रारंभ केला. धातूची पेटी कोरून घडवावी लागते, प्लास्टिकची ओतता येते. किमतीत फरक पडला तो त्यामुळे. शिवाय पारदर्शकतेचा एक अनपेक्षित लाभ झाला. पाणी आत शिरू लागले तर ते डोळ्यांना दिसते आणि कॅमेरा बुडण्यापूर्वीच वर धाव घेता येते. जर्मनीत तर याहून पुढे जाऊन जाड प्लास्टिकची, पुढे काच बसवलेली पिशवीच तयार करण्यात आली. आपला नेहमीचा कॅमेरा तिच्यात घालावा, तोंड पट्टीने घट्ट आवळावे आणि पाण्यात शिरावे. पिशवी दाबाने आक्रसते, म्हणून ती फार खोल नेण्यात अर्थ नाही. पण बूताँच्या रबरी पिशवीची ही दूरची नातच म्हणावयास हरकत नाही.

१९८० मध्ये जपानच्या मिनोल्टा कंपनीने वेदरमॅटिक नावाचा एक पिवळाधमक कॅमेरा काढला. तो पाच मीटर खोलीपर्यंत चाले, आणि हातातून सुटला तर बुडण्याऐवजी पृष्ठभागावर तरंगत राही. त्याची फिल्म नखाएवढ्या चौकटीची असल्याने चित्रे मोठी केली की दाणेदार होत. चोखंदळांनी नाके मुरडली. पण सुटीवरच्या माणसाची गरज ज्याने प्रथम नीट ओळखली असा हा कॅमेरा होय. त्या माणसाला पन्नास मीटर खोल जावयाचे नसते. त्याला कंबरभर किंवा फार तर पुरुष-दोन पुरुष पाण्यात आपल्या मुलांची धमाल टिपावयाची असते, आणि कॅमेरा हरवला नाही म्हणजे झाले.

यापुढची पायरी म्हणजे हरवण्याची भीतीच काढून टाकणे. १९८६ मध्ये जपानच्या फूजी कंपनीने फिल्म आतच भरलेला, पुठ्ठ्याच्या वेष्टनातला एक कॅमेरा बाजारात आणला. सर्व चित्रे घेऊन झाली की कॅमेराच धुलाईकेंद्रावर द्यावयाचा. परत मिळत ती फक्त छायाचित्रे. ही कल्पना पाण्याकडे वळण्यास वेळ लागला नाही. १९८९ मध्ये अमेरिकेच्या कोडॅक कंपनीने वीकेंड नावाचा जलरोधक कॅमेरा काढला. फूजीनेही आपला काढला. आतला कॅमेरा तोच, बाहेर पारदर्शक प्लास्टिकचे कवच, आणि ओल्या हातानेही दाबता येईल असा मोठा दांडा. फूजीच्या या जातीच्या कॅमेऱ्यात २७ चित्रे मिळतात आणि तो दहा मीटरपर्यंत नेता येतो. त्याला दिवा नाही, अंतर जुळवण्याची सोय नाही, वेळ कमी-अधिक करता येत नाही. फिल्म मात्र जलदगती घातलेली असते, म्हणजे कमी उजेडातही चित्र उमटते.

या कॅमेऱ्याकडे तुच्छतेने पाहण्याची रीत आहे. तो स्वस्त आहे, म्हणून खेळणे आहे, असे समजले जाते. परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर त्याने जे साधले ते बूताँ, हास आणि द वूतेर या तिघांनाही साधले नव्हते. पेटीत पाणी शिरण्याची शक्यता त्यानेही नाहीशी केली नाही. पण शिरलेच तर होणारा तोटा इतका लहान केला की त्याची झोप उडू नये. थॉम्पसनच्या पुलाला हेच तत्त्व लागू होते. माणसाऐवजी पेटी पाण्यात सोडावी, कारण पेटी गमावणे परवडते.

एकविसाव्या शतकात फिल्म गेली आणि पुन्हा एकदा सर्व मार्गांची उजळणी झाली. लाटांवर स्वार होणाऱ्या निक वुडमन या अमेरिकन तरुणाने २००४ मध्ये मनगटाला बांधता येईल असा जलरोधक कॅमेरा गोप्रो या नावाने विकण्यास आरंभ केला. आज या नावाने जे डिजिटल यंत्र ओळखले जाते त्याचा हा पहिला अवतार फिल्मचाच होता. २००६ मध्ये ऑलिम्पस कंपनीने खिशात मावणारा, कवच न घालताच तीन मीटर पाण्यात टिकणारा डिजिटल कॅमेरा काढला. द वूतेरचीच ती कल्पना. हौशी कॅमेऱ्यांसाठी चाळीस मीटरपर्यंत नेता येणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या निघाल्या. तो ब्रिगम यांचा मार्ग. मग पाण्यात बुडाले तरी चालणारे दूरध्वनी आले. आयपी ६७ या प्रमाणाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, इतकाच आहे. ही कसोटी प्रयोगशाळेतील गोड्या आणि शांत पाण्यात घेतली जाते. समुद्राचे पाणी खारट, आणि लाट काही मोजमाप पाहून येत नाही. बहुतेक कंपन्यांच्या हमीपत्रात बारीक अक्षरांत असेही लिहिलेले असते की, पाण्याने झालेली हानी हमीत मोडत नाही. जाहिरातीत दूरध्वनी तरणतलावात पडताना दाखवायचा आणि हमीपत्रात हात झटकायचे, हा व्यवहार पाहिला म्हणजे वेमथच्या वकिलाची आठवण होते. असला मसुदा त्याने सहज जाणला असता.

दूरध्वनी पाण्यात नेण्यात आणखी एक गोष्ट आहे. पूर्वी कॅमेरा बुडाला तर कॅमेरा आणि त्या सुटीची छायाचित्रे बुडत. आता एका यंत्रात बँकेचे व्यवहार, परतीचे तिकीट, घरच्या सर्वांचे क्रमांक आणि, कोठे प्रत ठेवलेली नसेल तर, गेल्या कैक वर्षांचे घरगुती चित्रसंग्रह एकत्र असतात. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते यंत्र समुद्रात नेणारा मनुष्य पैसे वाचवतो असे दिसते. वस्तुतः त्याने या इतिहासातला सर्वांत महाग कॅमेरा सर्वांत स्वस्त पेटीत घातलेला असतो. अशी पिशवी वाईट असते असे नाही. घरातला जुना, बाजूस पडलेला दूरध्वनी तिच्यात घालावा, म्हणजे ती अगदी योग्य ठरते. पाण्याखाली त्याचा स्पर्शपडदा बोटाला जुमानत नाही, हेही लक्षात ठेवून, कडेच्या कळीने चित्र घेता येईल अशी व्यवस्था आधीच करून घ्यावी लागते.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर दिवाळी आणि नाताळच्या सुटीत मुंबई-पुण्याची, घाटावरची, अलीकडे इंदूर-बडोद्याचीही मराठी कुटुंबे उतरतात. अंदमान आणि लक्षद्वीप येथेही आता ती दिसतात. त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न उभा राहतो तेव्हा दुकानदार त्यांना खोलीचे आकडे सांगतो : दहा मीटर, चाळीस मीटर, साठ मीटर. प्रथम विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे. पाण्यात आपण किती खोल जाणार? चेहऱ्यावर काच आणि तोंडात श्वासनळी धरून पृष्ठभागावर तरंगणारा मनुष्य एक-दोन मीटरांच्या खाली जात नाही. तेथे उन्हाचा प्रकाश भरपूर असतो, तांबडा रंगही बराच शिल्लक असतो, आणि दाब किरकोळ असतो. तेथे स्वस्त कॅमेरा आणि महाग कॅमेरा यांच्या चित्रांत जो फरक पडतो तो, पाणी गढूळ असेल तर, मुळीच दिसत नाही. टाकी पाठीला बांधून आठ-दहा मीटरांवर जाणाऱ्या नवख्याची गोष्ट निराळी. तेथे पेटीही चांगली लागते आणि दिवाही. पण त्या नवख्याला तेथे हात रिकामे ठेवणेच हिताचे. त्याला खाली नेणारे वाटाडे पुष्कळ ठिकाणी स्वतःच्या कॅमेऱ्याने चित्रणही करून देतात. एका दिवसाच्या डुबकीसाठी कॅमेरा विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट अंतराची. कोकणचे पाणी वर्षभर सारखे नसते. पावसाळ्यात तर हा उद्योग बंदच असतो. पाण्यात तरंगणारे कण चित्र धूसर करतात, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा लावला तर तेच कण बर्फ पडल्यासारखे चमकतात. यावर पैसे खर्च करून मिळेल असा उपाय थोडा. फुकटचा उपाय एकच : जवळ जावे. हातभर अंतरावरून घेतलेले साध्या कॅमेऱ्याचे चित्र दोन मीटरांवरून घेतलेल्या भारी कॅमेऱ्याच्या चित्राहून उजवे ठरते. मात्र जवळ जाण्यालाही सीमा आहे. प्रवाळ हा खडक नव्हे; ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. तिच्यावर पाय टेकून चित्र घेणाऱ्याने वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात मोडलेली असते. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचाही समावेश आहे. हा खर्च कोणत्याच कॅमेऱ्याच्या किमतीत धरलेला नसतो.

निवड कोणतीही केली, पिशवीची, पेटीची की कवचधारी कॅमेऱ्याची, तरी प्रवासास निघण्यापूर्वी घरी करावयाचे एक काम उरते. रबरी कडे असेल तर ते बोटाने चाचपून पाहावे, त्यावरील केस आणि धूळ ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी. नंतर पेटीत किंवा पिशवीत कॅमेऱ्याऐवजी टिपकागदाची एक घडी ठेवावी, तोंड नीट बंद करावे, आणि वर दगड किंवा वरवंटा ठेवून ती बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवावी. बाहेर काढून आधी वरचे पाणी पूर्ण पुसावे आणि मगच ती उघडावी. नाही तर झाकणावरचे थेंब आत पडतात आणि चांगली पेटीही उगाच दोषी ठरते. कागदाचा कोपरा जरी ओला लागला, तरी ती पेटी दुकानदाराला परत करण्यास सुटीचे अजून चार दिवस शिल्लक असतात.